खणाला ब्रेक आहे का?

नवा फ्लॅट, नवा ईएमआय आणि खोक्यातून आलेलं नवंकोरं फर्निचर! दुपारी डिलिव्हरीवाला सपाट खोकी टेकवून जातो आणि रात्री अकरापर्यंत बेडरूममध्ये चार खणांचं ड्रॉवर युनिट उभं. सुतारामागे फोन नाहीत, भुसा नाही, पॉलिशचा वास नाही. एकदम सही! पण काही महिन्यांनी गंमत सुरू होते. सकाळी लोकल गाठायच्या घाईत मोज्यांसाठी वरचा खण ओढावा, तर अख्खा खणच हातात. मोजे, रुमाल, जुनी बिलं... सगळं पायावर.

यावर बहुतेकांचा फंडा एकच, ‘जरा हळू ओढायचं.’ घरात फक्त मोठी माणसं असतील तर तो चालूनही जाईल. पण घरात लहान मूल असेल, तर प्रश्न पायाच्या अंगठ्यापुरता राहत नाही.

आमच्या ऑफिसातला एक कलीग डोळखांबचा. आजोबाच्या ट्रेकला जाणाऱ्यांना हे गाव माहीत असेल. आसनगावला उतरायचं, शहापूर गाठायचं आणि तिथून एसटी किंवा शेअर जीप. या पठ्ठ्याने कल्याणच्या फ्लॅटमधलं असंच एक युनिट टेम्पोत घालून गावच्या घरी नेलं. तिथला पाऊस काय सांगावा! भातसा आणि तानसा याच शहापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या नळाचं बरंचसं पाणी तिकडचंच. त्या दमट हवेत पार्टिकल बोर्ड फुगला, स्क्रू सैल झाले आणि खण धाडकन बाहेर येऊ लागले. त्यात त्याची तीन वर्षांची पुतणी. तिने खणांचा जिना करून वर ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यापर्यंत मजल मारायचा प्रयत्न केला. आजीने वेळेत उचललं म्हणून बरं.

गावच्या सुतारकाकांनी युनिटकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “दादा, याला अडसर कुठाय?”

बस, सगळा मुद्दा या एका प्रश्नात आला.

हिशोब शाळेतलाच

आठवा, सीसॉ. समजा युनिट ३० किलोचं आहे आणि त्याचं वजन समोरच्या कडेपासून २० सेंमी आत एकवटलंय. ३० गुणिले २०, म्हणजे ६००. आता खण जवळजवळ ४० सेंमी बाहेर आलाय आणि त्याच्या टोकाला १५ किलोचं मूल लोंबकळतंय. १५ गुणिले ४०, पुन्हा ६००! म्हणजे युनिट कलंडायच्या अगदी काठावर. शिवाय खणाचं आणि कपड्यांचं वजनही पुढे आलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात ते त्याआधीच पुढे येतं.

तोच खण २५ सेंमीवर अडला, तर हिशोब ३७५ चा. थोडी मार्जिन उरते. खण कुठे थांबतो याला एवढं महत्त्व आहे. मात्र तीन-चार खण एकदम उघडले, तर ही मार्जिनही उडते. म्हणून नुसता अडसर पुरत नाही, युनिट भिंतीलाही धरून ठेवावं लागतं.

हे उगाच घाबरवणं नाही. जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेतून सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवर युनिट्स परत बोलावली. भिंतीला पक्की केली नाहीत तर ती मुलांच्या अंगावर कलंडू शकतात, हे कारण. त्याआधी मुलांचे जीव गेले होते. परत बोलावलेल्यांत ‘माल्म’ ही लोकप्रिय मालिकाही होती. त्यातलंच एक युनिट अंगावर पडून २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्या प्रकरणात कंपनीने जानेवारी २०२० मध्ये ४ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत यासाठी ‘स्टर्डी’ नावाचा कायदाच झाला. आता तिथे नवं युनिट विकायचं, तर खण भरलेले असताना, खाली गालिचा असताना आणि ६० पौंडांपर्यंतचं, म्हणजे साधारण २७ किलोचं मूल लटकलं तरी ते उभं राहायला हवं.

आधी चॅनेल ओळखा

खण बाहेर काढून त्याच्या बाजूंना लावलेली पट्टी बघा.

पांढरी पट्टी आणि प्लॅस्टिकचं छोटं चाक दिसलं, तर ते रोलर चॅनेल. कपाटाच्या पट्टीला पुढच्या टोकाशी एक उंचवटा असतो, चाक तिथे अडतं. खण काढायचा असेल तेव्हा तो किंचित वर उचलायचा. एरवीही तो सुटत असेल तर तीन गोष्टी तपासा. डावी-उजवी पट्टी उलट बसलीय का? उंचवटा चेपलाय का? आणि युनिट तिरकं झालंय का? शेवटची गोष्ट टेपने कळते. मागून दोन्ही कर्ण मोजायचे. मापं सारखी नसतील तर युनिट ढकलून सरळ करायचं आणि मागचा हार्डबोर्ड नव्याने ठोकायचा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

स्टीलचं, आत बारीक छर्रे असलेलं चॅनेल म्हणजे टेलिस्कोपिक. त्यात दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकची कळ असते, ती दाबली की खण सुटतो. कळ तुटली किंवा छर्रे गळले, तर रिपेअरच्या नादी लागू नका. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाची नवी जोडी आणा. खण पूर्ण बाहेर येणं नकोच असेल, तर १६ इंची चॅनेलच्या जागी १२ इंची बसवता येतं. मग खण १२ इंचांवर थांबतो.

चॅनेलच नसेल, तर जुना गावठी उपाय. खणाच्या मागच्या फळीला आतून एका स्क्रूवर लाकडाची छोटी फिरकी लावायची. उभी केली की ती समोरच्या आडव्या पट्टीला अडते, आडवी केली की खण निघतो. वर आडवी पट्टी नसेल, तर खणाची मागची फळी आणि कपाटाची बाजू यांना नवारीच्या पट्टीने जोडा. पातळ हार्डबोर्डला मात्र काहीही बांधू नका, तो झटक्यासरशी सुटेल.

स्क्रूचं भोक मोठं झालंय? गूल काढलेल्या आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, दिवसभर वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. बोर्डाच्या जाडीपेक्षा लांब स्क्रू वापरू नका, नाहीतर तो पलीकडून डोकावेल. बोर्ड फुगून भुसभुशीत झाला असेल, तर आत प्लायचा तुकडा जोडून स्क्रू त्यात घ्या.

मग भिंत

मागे, वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या. विटांच्या भिंतीत ड्रिल आणि प्लॅस्टिकचा प्लग पुरतो. नव्या टॉवरमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग नुसता फिरत राहतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचा खास प्लग मागा.

डोळखांबला प्रश्न वेगळाच होता. घराच्या जुन्या भागात भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप. तिथे ड्रिल काय चालवणार? सुतारकाकांनी युनिट घराच्या लाकडी खांबाशी नेलं आणि एल पट्ट्या थेट खांबात पिळल्या. सारवलेली जमीन जरा उताराची होती, तेव्हा पुढच्या पायांखाली पातळ पाचर सरकवली. युनिट किंचित मागे रेललं. चार खणांना चार फिरक्या. तासाभरात काम खल्लास. बिस्किटांचा डबा आजीने स्वयंपाकघरात हलवला, हे त्याहून बरं झालं.

या वीकेंडला एवढं करा

प्रत्येक खण ओढून बघा, तो आपोआप अडतो का?
जड सामान खालच्या खणात, हलकं वरच्या.
युनिटवर टीव्ही, खेळणी, खाऊ ठेवू नका. मुलं तिकडेच चढतात.
एका वेळी एकच खण उघडा.
घर भाड्याचं असेल, तर मालकाला फोन करून दोन भोकांची परवानगी घ्या. निघताना ती बुजवता येतात.

एल पट्ट्या, प्लग, स्क्रू... मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटापेक्षा खर्च बहुधा कमीच होईल. पिक्चर पुढच्या शनिवारी बघा!