सिमिली, मेटाफर आणि आपली वाघीण

दहावीच्या इंग्रजी पेपरात कवितेचं रसग्रहण आलं की मुलं आधी ‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’ शोधतात. सापडलं की सिमिली! कविता वाचायची राहिली तरी चालते. शेजारची एक मुलगी परवा विचारत होती, “काका, ओनोमॅटोपियाचं स्पेलिंग कसं पाठ करू?” म्हटलं, “बाहेर पाऊस कसा पडतोय?” “रिमझिम.” “झालं की! आवाजावरून शब्द. स्पेलिंगचं तू बघ.” (मलाही ते डिक्शनरी उघडूनच लिहावं लागतं.)

इंग्रजी संज्ञांची आपल्या मराठीशी अशी ओळख कुणी करून देत नाही. आई वाघिणीसारखी धावून आली, तर उपमा, म्हणजे सिमिली. आई वाघीणच आहे, तर रूपक, म्हणजेच मेटाफर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘इकडून तिकडे नेणं’. ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या ट्रकांवर आजही तो शब्द दिसतो. वाघिणीचं सामान आईच्या घरी उतरवलं, इतकंच.

काही ठिकाणी मराठीची चाळणी जास्त बारीक आहे. आई जणू वाघीणच, असं म्हटलं की आपल्याकडे उत्प्रेक्षा होते. इंग्रजी वर्गात मात्र ‘अ‍ॅज इफ’ दिसलं की तेही बहुधा सिमिलीच्या खात्यात जातं. मराठीच्या तासाला हे शिकलेली मुलं इंग्रजीच्या तासाला तीच पाटी कोरी करून बसतात, याची मला खरी चुटपुट लागते. या अंकात म्हणून इंग्रजीच्या प्रत्येक संज्ञेशेजारी मराठी उदाहरण आहे. व्याख्या शेवटच्या पानावर ढकलल्या आहेत, बारीक टायपात.