तोंडी नकार आणि कागदी हक्क

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील शाळाशाळांच्या दारांत एक प्रसंग नित्यनेमाने घडतो. आई किंवा वडील मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांसमोर उभे राहतात. मूल नीट चालत नाही, किंवा त्याला ऐकू येत नाही, किंवा त्याची समज वयाच्या मानाने कमी आहे. मुख्याध्यापक मुलाकडे एकवार पाहतात आणि सहानुभूतीच्या स्वरात सांगतात, "बाई, याची आमच्याकडे सोय नाही. याला विशेष शाळेत घाला." विशेष शाळा कोठे आहे हे ते सांगत नाहीत, पुष्कळदा ती तालुक्यात नसतेच. बाई नमस्कार करतात आणि घरी परततात. या भेटीची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. अर्ज नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून तक्रार नाही. एका बालकाचा हक्क पाच मिनिटांत बुडाला आणि शासनाच्या दप्तरी मात्र काहीच घडले नाही!

त्या पाच मिनिटांत देशाचा कायदा काय म्हणत होता? २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याचे कलम १६ सांगते की, शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे, इमारत त्याला वापरता येईल अशी केली पाहिजे आणि त्याच्या गरजेनुसार साहाय्य पुरविले पाहिजे. हा प्रवेश ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. ज्याचे अपंगत्व किमान ४० टक्के प्रमाणित झाले आहे, त्याला कलम ३१ आणखी पुढचा हक्क देते: वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि तेही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी निवडावीशी वाटेल तिच्यात. निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. पुस्तके व साहाय्यक साधने १८ वर्षांपर्यंत मोफत, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, हे सारे कलम १७ मध्ये आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकाचा समावेश वंचित गटात केला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरही त्याचा अधिकार पोचतो. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही त्याच दुरुस्तीने दिला. तो पर्याय आहे, शाळेतून घालवून देण्याची पळवाट नव्हे.

म्हणजे "सोय नाही" हे मुख्याध्यापकांचे उत्तर नसून त्यांच्या संस्थेचा कबुलीजबाब आहे. परंतु हे बाईंना कोणी सांगितले? अंगणवाडीने नाही, प्रमाणपत्रासाठी ज्या जिल्हा रुग्णालयात चार खेपा घातल्या त्या रुग्णालयाने नाही, शाळेने तर नाहीच. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी छापलेली असते. त्या टक्केवारीमुळे कोणते हक्क मिळतात याचे एक पानही सोबत मिळत नाही. रोग सांगायचा आणि औषध सांगायचे नाही, असा हा व्यवहार आहे.

शासन म्हणेल की कायद्याच्या कलम ३९ मध्ये जनजागृतीची तरतूद आहे, आणि हक्कांविषयी जागृती करणे हे राज्य आयुक्तांचे कर्तव्य असल्याचे कलम ८० सांगते. तरतूद आहे, हे खरे. पण ही जागृती प्रत्यक्षात कशी होते? ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन येतो. सकाळी प्रभातफेरी निघते, दुपारी मंत्रिमहोदयांच्या हस्ते तीनचाकी सायकली वाटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. हक्काची वस्तू देणगी म्हणून दिली की घेणारा कृतज्ञ होतो. हक्क म्हणून सांगितली असती तर तो जाब विचारता झाला असता. २०१५ नंतर 'अपंग' या शब्दाची जागा 'दिव्यांग' या शब्दाने घेतली. शब्द बदलायला पैसे पडत नाहीत. उतरता रस्ता बांधायला, विशेष शिक्षक नेमायला आणि पालकाच्या हाती हक्काचा कागद ठेवायला मात्र पडतात.

जागृती आणि सूचना यांत फरक आहे. जागृती सर्वांसाठी असते, म्हणून ती कोणाचीच जबाबदारी नसते. सूचना एका विशिष्ट पालकाला, एका विशिष्ट दिवशी, लेखी द्यावी लागते. आणि ती दिली नाही तर कोणाची चूक झाली हे दाखविता येते. हा फरक अमेरिकेतील पालकांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखला. पेन्सिल्व्हानियातील मतिमंद मुलांच्या पालकसंघटनेने १९७१ मध्ये राज्याला न्यायालयात खेचले. पाठोपाठ १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या मिल्स खटल्यात न्यायालयाने शिक्षणमंडळाला बजावले की, निधी अपुरा असेल तर त्याची झळ अपंग मुलांना इतरांहून अधिक लागता कामा नये. या लढ्यांतून २९ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यान्वये आज शाळेला पालकांच्या हक्कांचे लेखी निवेदन वर्षातून एकदा, तसेच मुलाच्या पहिल्या तपासणीची मागणी होताच, सोप्या शब्दांत आणि शक्यतो पालकाच्या मातृभाषेत द्यावे लागते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पालकाची मागणी शाळेने फेटाळली तर ती का फेटाळली हे शाळेला लिहून द्यावे लागते. तोंडी नकाराला तेथे कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जादा खर्चाच्या ४० टक्के वाटा उचलण्याचे जे आश्वासन संघराज्य सरकारने १९७५ मध्ये दिले, ते आजतागायत पाळले गेलेले नाही. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, दाद मागणाऱ्या पालकानेच आपली बाजू सिद्ध केली पाहिजे. ज्याच्याजवळ वकिलाचे पैसे आहेत त्यालाच अखेर त्या हक्काचा पुरता लाभ होतो. भांडवलशाही समाजात हक्कालाही बाजारभाव असतो, याचा हा पुरावाच आहे. तरीही हक्क सांगण्याचे ओझे पालकावर नव्हे, संस्थेवर टाकले पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

येथे नेमके उलटे आहे. ज्याला इंग्रजी वाचता येते, ज्याचा आप्त सरकारी कचेरीत आहे, ज्याला एक दिवसाची मजुरी बुडण्याचे भय नाही, तो पालक कायदा शोधून काढतो आणि सवलत मिळवितो. ऊसतोड कामगाराला, मोलकरणीला, पाड्यावरील आदिवासीला हा कायदा अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि प्रमाणपत्र आरोग्य विभागाकडे; या तीन दारांमधला फेरा त्याच्या वाट्याला येतो. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला आणि असे करणारे आपण पहिले राज्य, म्हणून पाठ थोपटून घेतली. मंत्रालयात नवा मजला उघडला, गावातल्या शाळेचे दार मात्र बंदच राहिले. युनेस्कोच्या २०१९ च्या भारतविषयक अहवालाने दाखविले की, पाच वर्षे वयाच्या अपंग बालकांपैकी तीन-चतुर्थांश बालके कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नाहीत. ही संख्या तोंडी नकारांच्या बेरजेखेरीज कशी समजावून घ्यावी?

यावर प्रस्थापितांचे दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, अडाणी पालकांना कायदा सांगून काय कळणार? हाच युक्तिवाद एकेकाळी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविरुद्ध केला गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन त्याला जे उत्तर दिले, त्यात आजही भर घालण्याची गरज नाही. ज्या बाईला रेशनकार्डावरील धान्याचा हिशेब कळतो, तिला "तुमच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही" हे एक वाक्य कळणार नाही काय?

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या नावाने येतो: एका वर्गात चाळीस मुले, त्यात अपंग मूल कोण सांभाळणार? हा प्रश्न खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जात आहे. प्राथमिक स्तरावर दहा अपंग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच घालून दिले. तेवढी पदे मंजूर करून जाहीर करा, असे राज्यांना पुन्हा बजावण्याची वेळ त्या न्यायालयावर २०२५ मध्ये आली. शिक्षक नेमायचे नाहीत ते शासनाने आणि शिक्षक नाहीत म्हणून परत जायचे ते मुलाने, हा कोठला न्याय? आपला प्रश्न पालकाच्या तोंडावर फेकण्याऐवजी शिक्षकांच्या संघटनांनी तो पालकांसोबत मंत्रालयावर नेला पाहिजे.

म्हणून मागणी साधी असावी, आणि तिच्यात तडजोड नसावी. अपंगत्वाच्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत आणि प्रत्येक शाळाप्रवेशाच्या वेळी शिक्षणविषयक हक्कांचे एक पान मराठीत, आणि जेथे गोंडी, भिली वा कोरकू बोलली जाते तेथे त्या भाषेतून वाचून दाखवून, पालकाला दिले जावे. प्रवेश किंवा साहाय्य नाकारायचे असेल तर कारणांसह लेखी नाकारावे. त्या नकारपत्रावरच दाद कोठे मागायची त्या अधिकाऱ्याचे पद व पत्ता छापलेला असावा. गडचिरोलीच्या पालकाला त्यासाठी पुण्याचे आयुक्तालय गाठावे लागू नये.

शासन हे करीपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असणे आणि वंचित गटांतील पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान असणे बंधनकारक केले आहे. अपंग बालकांचे पालक तेथे बसतात की नाही, हे गावोगाव तपासता येते. तालुक्यात किती अपंग मुले पटावर आहेत, किती विशेष शिक्षक नेमले आहेत, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने तीस दिवसांत विचारता येते. आणि सर्वांत सोपे काम असे की, जूनमध्ये त्या बाईंसोबत एका कार्यकर्त्याने शाळेत जावे, अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि मुख्याध्यापकांनी "सोय नाही" म्हणताच अदबीने एवढेच म्हणावे: "गुरुजी, हे कागदावर लिहून द्या."

ज्या व्यवस्थेला सहानुभूतीचे दोन शब्द बोलायला एक क्षणही लागत नाही, तिचा हात हे एक वाक्य लिहिताना थरथरेल. कारण ते लिहिले गेले की तो गुन्ह्याचा पुरावा होतो. दार उघडण्यासाठी कित्येकदा तेवढाच कागद पुरेसा ठरेल. जेथे तो पुरणार नाही, तेथे पुढच्या लढ्याची सुरुवात त्याच कागदापासून होईल.