अठरा पूर्ण झाली, आता दिव्यांग पोरांनी जायचं कुठं?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत कॉलेज प्रवेशाची चर्चा सुरू होते. दिव्यांग मुला-मुलींच्या घरात मात्र वेगळाच घोर लागतो. शाळा संपली, आता पुढं काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढं सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत 5 टक्के जागा राखीव, वयात 5 वर्षांची सवलत आणि सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण. कागदावर रस्ता सलग दिसतो, पण अठराव्या वर्षी तो तुटतो. शाळेत असेपर्यंत समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. कॉलेजात सगळं स्वतः मागावं लागतं आणि कुणाकडं मागायचं हेच ठाऊक नसतं.

सातारा-सांगलीतील बरीचशी महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. जत, आटपाडी, माण, पाटणच्या पोराला कोल्हापूर म्हणजे दिवसाचा हेलपाटा. एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण कुबड्या घेऊन पायऱ्या चढणं त्यानं सोपं होत नाही. म्हणून विद्यापीठाची मदत तालुक्याच्या कॉलेजातच मिळायला हवी. त्यासाठी समान संधी कक्षाची तरतूद आहे. लेखनिक, परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ, तळमजल्यावरचा वर्ग ही कामं या कक्षानं प्रवेशावेळीच मार्गी लावली तर पोरगं टिकतं. परीक्षेच्या तोंडावर धावाधाव झाली तर वर्ष वाया जातं.

बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग मुलांचा प्रश्न आणखी अवघड आहे. अठरानंतर कायद्यानं आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. बँक खातं असो नाहीतर मुलाच्या नावची जमीन, तिथं अडचण येते. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडं अर्ज करता येतो. ही माहिती गावापर्यंत फारशी येत नाही.

शिक्षणाला कामाची जोड दिली तर काय होतं, हे शेजारच्या कोल्हापुरात दिसतं. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड'नं वसतिगृह आणि शाळा उभी केली, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेतून दिव्यांगांच्या हाताला काम दिलं. अमेरिकेत तर शाळेनंच सोळाव्या वर्षापर्यंत मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा, कामाचा लेखी आराखडा करावा असा कायदा आहे. आपल्याकडं ही आखणी आई-बापांच्या जिवावर सोडली जाते.

पालकांनी दहावीपासूनच तयारीला लागावं. युडीआयडी कार्ड काढावं, दाखला मुदतीचा असेल तर वेळेत नवा करावा. प्रवेश अर्जातच मदतीची मागणी लिहून द्यावी आणि त्याची पोच घ्यावी. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ती कुठं गेली, हे ग्रामसभेत विचारावं.

कॉलेजांनीही राखीव जागा भरली की जबाबदारी संपली असं समजू नये. त्या जागेवर बसलेलं पोरगं पदवी घेऊन बाहेर पडलं का, हिशेब त्याचा द्यायला हवा.