पाणी आणि गाळातला वायू

1891 साली मुंबईच्या नगरपालिकेने मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून जो पवईचा तलाव सिद्ध केला, आणि ज्याचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले, त्याच्या काठाने चालणाऱ्यास कुजलेल्या जलपर्णीच्या गाळातून उठणारा सडक्या अंड्यांचा दर्प कधीमधी सोसावा लागतो; परंतु नाकाला रुमाल लावण्यापूर्वी त्याने हे ध्यानी घ्यावे की, हा दर्प ज्या हायड्रोजन सल्फाइडचा, त्याचा रेणू पाण्याच्या रेणूचा चुलतभाऊच होय. दोहोंत हायड्रोजनचे दोन अणू. एकात ऑक्सिजन, दुसऱ्यात त्याच गणातले गंधक. रेणुभार पाण्याचा 18, याचा 34. तेव्हा हलके ते वायुरूप आणि जड ते द्रवरूप असावे हा सरळ न्याय, पण प्रत्यक्षात पाणी 100 अंशांना उकळते आणि हा भारदस्त इसम शून्याखाली 60 अंशांवरच उकळून मोकळा होतो! कारण असे की, ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना इतक्या जोराने आपल्याकडे ओढतो की उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. आणि हा हायड्रोजन बंध रेणूच्या अंतर्गत बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकाच बळकट असूनही साऱ्या जलाशयावर त्याचाच अंमल चालतो, त्याच्याच पृष्ठताणावर लांब पायांचे कीटक न बुडता धावतात. गंधकाची ओढ तेवढी नाही. हा बंध नसता, तर पाणी शून्याखाली सुमारे 80 अंशांवरच उकळले असते आणि नगरपालिकेस बांध घालून अडवण्याजोगे काही उरलेच नसते.