प्रक्षेपण तळ जनतेचा, सत्ता कोणाची?

सरकारी मालमत्ता काही काळ रिकामी दिसली, की ती खासगी मालकाच्या हवाली करणे हेच शहाणपण, असा एक सिद्धान्त रूढ झाला आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी २००५ साली विकल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्राने तो ऐकला. आता त्याची मजल अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत गेली आहे.

अमेरिकेच्या केनेडी अंतराळ केंद्रातील ३९-ए हा प्रक्षेपण तळ साठच्या दशकात सरकारी पैशाने बांधला गेला. १९६९ साली चंद्रावर उतरलेली पहिली माणसे येथूनच निघाली. २०११ साली शेवटचे ‘शटल’ यानही येथूनच उडाले. त्यानंतर तळ ओस पडला, आणि एप्रिल २०१४ मध्ये तो इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीला वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आला.

मग तो गंजत पडू द्यायचा होता काय, असे विचारले जाईल. मुळीच नाही. कंपनीने त्यावर खर्च केला आणि २०१७ पासून तेथून पुन्हा अग्निबाण उडू लागले, हे मान्यच आहे. प्रश्न पुनर्वापराचा नसून सत्तेचा आहे. २०२० साली ‘नासा’चे अंतराळवीर आपल्याच तळावरून, परंतु कंपनीच्या यानातून, मोल मोजून गेले. घरधन्याने स्वतःच्या ओसरीवर पैसे देऊन बसावे, तसा हा प्रकार! जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी बिनसताच मस्क यांनी ते यान सेवेतून काढून घेण्याची धमकी दिली आणि काही तासांतच ती मागे घेतली. एका धनिकाच्या रागलोभावर राष्ट्राचा कार्यक्रम टांगणीला लागतो, त्याला कार्यक्षमता म्हणावयाचे काय?

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे १९६३ साली थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला तो सार्वजनिक पैशावर आणि मच्छीमारांनी सोडलेल्या भूमीवर. २०२० साली केंद्र सरकारने अंतराळक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले; २०२२ साली श्रीहरिकोट्याच्या सरकारी आवारात खासगी प्रक्षेपण तळ उभा राहिला; २०२४ साली अग्निबाण व प्रक्षेपण तळ यांत ४९ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला पूर्वपरवानगीविना वाट मोकळी झाली.

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर, आणि पावसाचा अंदाज उपग्रहांवर. खतापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरून त्यानेही हे उपग्रह आकाशात धाडले आहेत. त्या मालकीचा सौदा त्याला न विचारता होता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सार्वजनिक तळ वापरावयास दिल्यास करार संसदेपुढे ठेवावा, उत्पन्नात सरकारचा वाटा असावा, कामगारांचे हक्क अबाधित राहावेत आणि लोकोपयोगी प्रक्षेपणांना अग्रक्रम मिळावा. कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांवर न सोपवता गावोगावच्या सभांत मांडला पाहिजे. ज्या जनतेने पाया घातला, तिला शिखरावरून हुसकावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.