पाटी नवी, मालक तोच

अमेरिकेच्या संघराज्यीय मोटारवाहक सुरक्षा प्रशासनाने २०२३ साली घरसामानाची ने-आण करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध देशव्यापी तपासमोहीम हाती घेतली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा काढावी लागली. मूठभर लबाडांचा उपद्व्याप म्हणून या प्रकाराची वासलात लावणे शासनकर्त्यांना सोयीचे आहे. परंतु ज्या व्यवस्थेने या लबाडांना परवाने दिले, त्या व्यवस्थेची झडती घेतल्याखेरीज प्रश्नाच्या मुळाशी जाता येणार नाही.

लुटीची रीत ठराविक आहे. दूरध्वनीवर दलाल अत्यल्प दर सांगतो व आगाऊ रक्कम घेतो. ठरल्या दिवशी ट्रक येतो, संसार ट्रकमध्ये भरला जातो आणि मग दुप्पट-तिप्पट रकमेचा कागद ग्राहकापुढे ठेवला जातो. पैसे न दिल्यास सामान कोठल्याशा गोदामात अडकून पडते. कायदा सांगतो की अंदाजपत्रक बंधनकारक नसले, तरी त्याच्या ११० टक्के रक्कम हाती पडताच वाहकाने सामान सोडले पाहिजे. पण नोकरी गेल्यामुळे वा भाडे न परवडल्यामुळे दुसऱ्या राज्यात निघालेल्या, मुलेबाळे घेऊन रिकाम्या घरात बसलेल्या कुटुंबाने हा कायदा कोणाला दाखवावा? जादा शुल्क न भरता मिळणारी हमी तर पौंडामागे अवघ्या ६० सेंटची. १० पौंडांचा दूरदर्शन संच गहाळ झाला, तर भरपाई ६ डॉलर!

तक्रारींचा ढीग साचला की कंपनी अदृश्य होते आणि नव्या नावाने पुन्हा प्रकट होते. कागदोपत्री मालक म्हणून कोणी नातेवाईक वा नोकर पुढे केला जातो. ट्रक तेच, पत्ता तोच आणि नफा जातो तोही त्याच खिशात. तपास अधिकाऱ्यांची निम्मी शक्ती खरा मालक कोण, एवढेच सिद्ध करण्यात खर्ची पडते. २०१८ साली ओहायोतील संघराज्यीय न्यायालयात १२ जणांविरुद्ध दाखल झालेल्या आरोपपत्रात हीच पद्धत वर्णिलेली आहे. संलग्न कंपन्यांच्या जाळ्याने ९०० हून अधिक ग्राहकांना फसविल्याचा तो आरोप होता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ च्या अहवालात अशा वाहकांना 'सरडे' म्हटले. मालवाहू व प्रवासी मिळून, सरड्याची लक्षणे दिसणारे नवे अर्जदार २००५ साली ७५९ होते. २०१० साली ते १,१३६ झाले.

हे सरडे आकाशातून पडलेले नाहीत. १९३५ च्या कायद्याने मोटारवाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आली होती. त्या व्यवस्थेत मोठ्या वाहकांची मक्तेदारी पोसली जात होती, हे खरे. पण १९८० साली 'ग्राहकाला स्वस्ताई' या घोषणेखाली नियंत्रणे सैल झाली, तेव्हा मक्तेदारीच्या जागी लोकशाही नियंत्रण आले नाही; आली ती मोकाट बाजारपेठ. त्याच वर्षी घरसामान वाहतुकीसाठीही स्वतंत्र कायदा झाला. या धोरणाचा पाया डेमोक्रॅटिक कार्टर राजवटीत घातला गेला. १९९५ साली रिपब्लिकन बहुमताच्या संसदेने आयोगच मोडीत काढला आणि त्या कायद्यावर डेमोक्रॅटिक क्लिंटन यांनी सही केली. भांडवलाच्या सेवेत दोन्ही पक्षांचे एकमत होते! आज वाहतुकीच्या परवान्याच्या अर्जाला ३०० डॉलर शुल्क पडते. एक नाव बदनाम झाले की दुसरे घेण्यासाठी ही किंमत कोणत्या ठगाला जड आहे?

तपास यंत्रणेचे हातही बांधलेलेच आहेत. सामान ओलीस धरल्यास किमान १०,००० डॉलर दंडाची तरतूद कायद्यात आहे. परंतु व्यापारी नियमांच्या उल्लंघनाबद्दल प्रशासनाला स्वतः दंड ठोठावण्याचा अधिकारच नाही, असा निर्णय २०१९ साली झाला. त्यामुळे दंडासाठी न्यायखात्याची दारे ठोठवावी लागतात. लुटलेल्या ग्राहकाला पैसे परत मिळवून देणे तर प्रशासनाच्या कक्षेतच नाही.

या व्यवहारात आणखी एक लुटला जाणारा घटक आहे; त्याच्यासाठी कोणतीही तपासमोहीम निघत नाही. तो म्हणजे चौथ्या मजल्यावरून कपाट पाठीवर घेऊन उतरणारा मजूर. १९६४ साली टीमस्टर्स संघटनेने मालवाहतुकीतील चालकांसाठी पहिला राष्ट्रव्यापी करार घडवून आणला होता. १९८० नंतर या क्षेत्रातील संघटित शक्ती खचली व वेतन घसरले. रोजंदारीवरील हमालाला आणि 'स्वतंत्र कंत्राटदार' ठरविलेल्या चालकाला संतप्त ग्राहकाच्या समोर उभे केले जाते. खरा मालक मात्र दोघांच्याही दृष्टीआड राहतो. ग्राहकाला न सापडणारा मालक कामगारालाही सापडत नाही.

या ठिकाणी महाराष्ट्रातील श्रमिकांच्या अनुभवाचे मोल ध्यानात येते. हमालाला एक ठरलेला मालक नसतो, म्हणूनच त्याची मजुरी कोणीही बुडवू शकत असे. १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर उपाय काढला: मालक व कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, आणि मजुरी व लेव्हीचा भरणा मंडळामार्फत. मालकाची पाटी बदलली, तरी मंडळाचे दप्तर बदलत नाही. भारतात २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहकांची नोंदणी सक्तीची केली आहे. तथापि केवळ वाहकाच्या नोंदणीने काय साधते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसतेच. नोंदणीला संघटित कामगारांच्या डोळस पहाऱ्याची जोड नसेल, तर तो निव्वळ कागद ठरतो.

माथाडी मंडळांना 'उद्योगाच्या मार्गातील अडसर' म्हणणारे मालकवर्गाचे प्रवक्ते ज्या मोकाट बाजाराची भलामण करतात, त्याचे खरे रूप अमेरिकेच्या गोदामांत अडकलेल्या संसारांत पाहावे. ट्रक कोणत्या नावाने धावतो, हा गौण प्रश्न आहे. नफा कोणाच्या खिशात जातो, हे उघड करण्याची सक्ती आणि ती अंमलात आणणारी कामगारांची संघटित शक्ती, हीच खरी मागणी होय. माथाडी मंडळांचे रक्षण व अन्य राज्यांत त्यांचा विस्तार हा त्या लढ्याचाच भाग आहे.