घरी तरी ऐसपैस बसा!

आपल्याकडे बहुतेक माणसांचे दोन अवतार असतात. एक चारचौघांतला, दुसरा उंबरठ्याच्या आतला. ज्यांच्या नुसत्या चाहुलीने वर्ग चिडीचूप होतो, ते हेडमास्तर घरी ढगळ लेंगा-बनियनवर बसून आमटीचे भुरके मारतात. बँकेत स्टार्चच्या साडीत ताठ बसणाऱ्या बाई घरी जुन्या गाऊनमध्ये पाय पसरून डब्यातूनच चिवड्याचे बकाणे भरतात. दुपार झाली तरी अंथरूण पडलेले, खुर्चीवर कपड्यांचा ढीग! कुणी याला ढोंग म्हणेल, कुणी गबाळेपणा. डॉक्टर म्हणून माझे मत असे, की प्रकृतीसाठी हे आवश्यकच आहे.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात माणसाच्या रोजच्या वागण्याला रंगभूमीची उपमा दिली. लोकांपुढे आपण भूमिका करतो आणि पडद्यामागे ती उतरवतो. नाटकवेड्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. रंगपटात मिशी काढून, पाय पसरून चहा पिणाऱ्या नटाला आपण ढोंगी म्हणत नाही.

शरीराचेही असेच आहे. लोकांत वावरताना ते सावध असते. मान-खांदे ताठ, नाडी जरा जलद, रक्तदाब थोडा चढलेला. निरोगी माणसाचा दाब रात्री झोपेत दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतो. थोडक्यात, निसर्गानेच शरीराला सैल सुटण्याची वेळ नेमून दिली आहे.

आमच्या दवाखान्यातच पाहा. पेशंट धुतलेला शर्ट घालून, सावरून बसतो आणि डॉक्टरांना पाहताच त्याचा दाब वर जातो. घरी मोजला तर ठीक! याला ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ म्हणतात. याउलट काहींचा दाब दवाखान्यात उत्तम आणि घरी किंवा कामावर जास्त असतो. तो अधिक फसवा, कारण तो मुखवट्याआड राहतो. म्हणून शक्य असेल त्यांनी घरी दाब मोजावा. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. मोजताना बोलू नये. दवाखान्यात १४० वर ९० ही सीमा अनेक देशांत मानतात. घरच्या मोजणीला ती १३५ वर ८५ धरतात. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. घरी दाब कमी दिसला म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता जरा कडू बोलतो. पुष्कळ घरांत हा आराम एकट्या पुरुषाच्या वाट्याला येतो. साहेब ऐसपैस पसरतात आणि बाई पसारा उचलतात. कोचाचे अभ्रे, शोकेसमधली धूळ, ‘कोणी आले तर काय म्हणतील’ ही धास्ती! म्हणजे बाईंचा रंगमंच घरातच. त्यांनी रंगपट शोधायचा कुठे? अशा कितीतरी भगिनी कंबरदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येतात. तपासणी करावीच लागते, गोळीही देता येते. पण काही वेळा खरे औषध एवढेच असते, की संध्याकाळी तासभर त्यांनी काहीही आवरू नये आणि घरातल्यांनी ते खपवून घ्यावे. ज्याने पसारा केला त्यानेच केव्हातरी उचलावा, हा साधा न्याय आहे.

तरीही पसारा वेगळा आणि घाण वेगळी, हे विसरू नये. पुस्तके, कपडे, खेळणी पडलेली असली तर कुणी आजारी पडत नाही. मात्र कूलर, पिंप, कुंडीखालच्या बशा यांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून, घासून कोरडी केलीच पाहिजेत. म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीघराच्या वाटेवर चपला, वायरी, दुमडलेली सतरंजी नको; उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. औषधे, फिनेल, रॉकेल मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. एवढे सांभाळले, की बाकीचा पसारा खुशाल असू द्या.

आणि न कळवता कोणी आलेच, तर लाजू नका. खुर्चीवरचे कपडे बाजूला सारा आणि ‘बसा’ म्हणा. पाहुणाही जरा सैल होऊन बसेल. त्याच्या घरीही तसाच ढीग असतो.